बॉक्सरेक: हेवीवेटच्या काल्पनिक लढतींचा वाद तारखेवर आणणारी साइट

टायसन की फोरमन? लिस्टन की फोरमन? शेव्हर्स आणि वाइल्डर समोरासमोर आले असते तर? मुंबईत बॉक्सिंग मन लावून बघणारे मूठभरच, पण जे आहेत त्यांना हे प्रश्न रात्रभर पुरतात. शिवाजी पार्कचा कट्टा असो, धोबीतलावचा इराणी असो, किंवा लास वेगासमधली लढत आपल्याकडे रविवारी सकाळी आटोपल्यावर पेटलेला व्हॉट्सॲप ग्रुप असो, वाद दर वेळी एकाच ठिकाणी अडकतो. प्रत्येकाच्या डोक्यातला टायसन वेगळा असतो. एकाचा १९८८चा, दुसऱ्याचा तुरुंगातून सुटल्यानंतरचा, आणि तिसऱ्याने नुसत्या नॉकआउटच्या क्लिपा पाहिलेल्या असतात. आवाज मात्र तिसऱ्याचाच मोठा.

या वादात पुरावा म्हणून हमखास पुढे केली जाणारी साइट म्हणजे बॉक्सरेक. ब्रिटनच्या जॉन शेपर्ड यांनी २००० साली ती सुरू केली. व्यावसायिक बॉक्सिंगच्या निकालांची ही प्रचंड नोंदवही आहे आणि तिच्यातल्या नोंदी स्वयंसेवक संपादक भरतात. साइटवर आणखीही बरंच काही आहे, पण इथे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: जोरदार ठोसा असलेल्या हेवीवेटांच्या ऐन भरातल्या लढती कल्पनेत लावताना ती किती उपयोगी पडते आणि कुठे फसवते. मत आधीच सांगून टाकतो. तारखांसाठी हिच्यासारखं दुसरं साधन नाही. नॉकआउटची टक्केवारी काढायला उघडणार असाल तर मात्र न उघडलेली बरी.

खातं फुकट उघडता येतं आणि ते उघडावंच लागतं, कारण लॉगिन केल्याशिवाय फार काही दिसत नाही. बॉक्सरचं पान उघडलं की वर उंची, रीच (दोन्ही हात पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं अंतर), स्टान्स (उभं राहण्याची पद्धत), एकूण लढती, एकूण राऊंड आणि नॉकआउट. खाली प्रत्येक लढतीची एक ओळ: तारीख, प्रतिस्पर्धी, त्या दिवसापर्यंतचा प्रतिस्पर्ध्याचा रेकॉर्ड, त्याच्या शेवटच्या सहा निकालांचे रंगीत चौकोन (हिरवा म्हणजे जिंकला, लाल म्हणजे हरला), ठिकाण आणि निकाल. फोन आडवा धरा, नाहीतर उभ्या पडद्यावर नेमका कामाचा रकाना कापला जातो. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने हे जमत नाही. तिथे वाद तोंडीच घाला.

निकालाचे संक्षेप आधी पक्के करून घ्यावेत, कारण निम्मी भांडणं त्यांच्यावरून होतात. केओ म्हणजे दहा आकडे मोजून संपलेली लढत, टीकेओ म्हणजे रेफरीने थांबवलेली, आरटीडी म्हणजे बॉक्सर किंवा त्याचा कोपरा पुढच्या राऊंडला उठलाच नाही. २५ फेब्रुवारी १९६४ला मायामी बीचवर लिस्टन सातव्या राऊंडला स्टुलावरून उठला नाही, ती आरटीडी ६. ‘क्लेने लिस्टनला झोपवला’ असं त्या रात्रीबद्दल कुणी म्हणालं (क्ले म्हणजेच पुढचा मुहम्मद अली), तर त्याच्यासमोर हीच ओळ धरा. जुन्या पानांवर एनडब्ल्यूएस असंही दिसेल. पंचांचा अधिकृत निर्णय नसलेल्या त्या काळात दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी ज्याला विजयी ठरवलं, त्याच्या नावावर मांडलेला तो निकाल आहे. डेम्प्सीच्या पिढीची पानं या नोंदी वगळून वाचली तर रेकॉर्ड भलताच दिसतो. त्यात डेम्प्सी सुरुवातीला ‘किड ब्लॅकी’ नावाने खाणगावांतून लढायचा, त्यामुळे त्याची पहिली काही वर्षं पूर्ण मिळतील अशी अपेक्षाच ठेवू नये.

आता मुख्य सापळा. विजयांपैकी किती नॉकआउटने, हा भागाकार करून पाहू. शेव्हर्स: ७४ विजयांत ६८, म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. फोरमन: ७६त ६८, साडे-एकोणनव्वद. टायसन: ५०त ४४, ८८. मार्सियानो: ४९त ४३, तोही ८८च्या आतबाहेर. लुई: ६६त ५२, ७९. लिस्टन: ५०त ३९, ७८. लेनॉक्स लुईस: ४१त ३२, ७८. आणि १ डिसेंबर २०१८ला फ्युरीसमोर पहिल्यांदा उभा राहण्यापूर्वी वाइल्डर ४०त ३९, म्हणजे साडेसत्त्याण्णव. या हिशेबाने लिस्टन, लेनॉक्स लुईस आणि जो लुई तळाला जातात. ज्याने फ्लॉइड पॅटरसनसारख्या विश्वविजेत्याला सलग दोनदा पहिल्याच राऊंडमध्ये उचलला, त्याचा ठोसा यादीत सर्वांत हलका! ज्याने बॉक्सिंगच्या दोन फिल्मा नीट पाहिल्यात तो या यादीवर सही करणार नाही.

आकडा फसवतो त्याची कारणं सरळ आहेत. एक तर भाजक. काही जण नॉकआउटला विजयांनी भागतात, काही एकूण लढतींनी. टायसनचे ४४ नॉकआउट ५० विजयांनी भागले तर ८८. पण सात पराभव आणि दोन ‘नो कॉन्टेस्ट’ (निकालच न धरलेल्या लढती) धरून ५९ने भागले तर पंचाहत्तरच्याही खाली. दोघेही खरंच बोलतात आणि भांडण तासभर चालतं. दुसरं कारण प्रतिस्पर्धी. शेव्हर्सच्या सुरुवातीच्या वर्षांच्या ओळी वाचा, पहिल्या-दुसऱ्या राऊंडचे नॉकआउट रांगेने लागलेले आहेत, आणि समोरच्यांचे रेकॉर्ड बघितले की उत्साह ओसरतो. याचा अर्थ त्याचा ठोसा खोटा होता असा नाही. १८ जून १९७३ला त्याने जिमी एलिसला आणि २३ मार्च १९७९ला केन नॉर्टनला पहिल्याच राऊंडमध्ये संपवलं; ही दोन नावं बाकीच्या पन्नास ओळींना भारी आहेत. तिसरं कारण कारकिर्दीची शेपटी. फोरमन १९७७ला थांबला, दहा वर्षांनी परतला, आणि १९९४त पंचेचाळिसाव्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या राऊंडमध्ये पाडून पुन्हा विश्वविजेता झाला. त्याच्या एका टक्केवारीत दोन वेगळे बॉक्सर आहेत, त्यांतल्या नेमक्या कुणाला टायसनसमोर उभं करायचं ते आधी ठरलं पाहिजे.

म्हणूनच साइटचा खरा उपयोग तारखेच्या रकान्यात आहे. वाद सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या बॉक्सरची एक तारीख जाहीर करायची. ‘प्राइम टायसन’ चालणार नाही; २७ जून १९८८चा टायसन, ज्याने अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं, तो चालेल. तारीख ठरली की तिच्या मागेपुढे दीड-दोन वर्षांची चौकट आखा आणि त्या चौकटीबाहेरची कुठलीही लढत पुरावा म्हणून आणू नका. या एका अटीने ग्रुपवरचे निम्मे मेसेज आपोआप गळतात. कान चावलेला होलिफिल्ड, २००२चा लेनॉक्स लुईस, दोघेही बाहेर.

ही अट न पाळल्याने काय होतं ते पाहायचं तर जो लुई आणि मार्सियानो. ही लढत कल्पनेतली नाही, प्रत्यक्षात झाली: २६ ऑक्टोबर १९५१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मार्सियानो आठव्या राऊंडमध्ये जिंकला. साइटवर ओळ स्वच्छ दिसते आणि मार्सियानोवाले ती मिरवतात. पण त्या रात्री लुई ३७ वर्षांचा होता, कर फेडण्यासाठी लढत होता आणि त्याचा उजवा हात पूर्वीचा राहिला नव्हता. खरा सामना लावायचा तर २२ जून १९३८चा लुई घ्या, ज्याने श्मेलिंगला २ मिनिटं ४ सेकंदांत मोडला, आणि २३ सप्टेंबर १९५२चा मार्सियानो, जो वॉलकॉटविरुद्ध गुणांवर मागे असताना तेराव्या राऊंडमध्ये एका उजव्या ठोशाने विश्वविजेता झाला. या तारखा धरल्या तर आमचा कौल लुईला. मार्सियानोची रीच ६७-६८ इंच, लुईची ७६. आत शिरेपर्यंत मार्सियानोला जेवढे सरळ ठोसे खावे लागले असते, तेवढे लुईच्या हातचे खाऊन तेरावा राऊंड दिसत नाही.

तारखेबाबत आपल्याकडे एक खास घोळ होतो. साइटवर तारीख लढतीच्या गावची असते. अमेरिकेत शनिवारी रात्री झालेली लढत मुंबईत रविवारी सकाळी दिसते, त्यामुळे आपल्या आठवणीतली तारीख बहुतेकदा एक दिवस पुढची असते. स्पिंक्सची लढत झाली तेव्हा इथे २८ जूनची सकाळ होती. किन्शासाचं उलटं आहे: अली आणि फोरमन ३० ऑक्टोबर १९७४ला तिथल्या पहाटे चारच्या सुमारास रिंगमध्ये उतरले, तेव्हा मुंबईत त्याच तारखेचे सकाळचे साडेआठ वाजत होते आणि न्यूयॉर्कमध्ये अजून २९ची रात्र होती. अमेरिकन लेखांत कधीकधी २९ दिसते ती त्यामुळे. पैज लागली असेल तर हे आधी बघून घ्या.

आता ज्या लढतीवर सर्वांत जास्त चहा संपतो ती: फोरमन विरुद्ध टायसन.

फोरमनची चौकट २२ जानेवारी १९७३ ते २६ मार्च १९७४. तीन लढती: किंग्स्टनमध्ये फ्रेझियर, दुसरा राऊंड, टोकियोत होझे रोमान, पहिला राऊंड, काराकासमध्ये नॉर्टन, दुसरा राऊंड. म्हणजे विश्वविजेतेपदाच्या तीन लढती मिळून तो फक्त पाच राऊंडच्या घंटा ऐकतो. टायसनसाठी १९८८चं वर्ष: जानेवारीत लॅरी होम्स, चौथा राऊंड, मार्चमध्ये टोनी टब्स, दुसरा, जूनमध्ये स्पिंक्स, पहिला. तीन लढती, सात राऊंड. वजनं बघून अनेकांना धक्का बसतो. फ्रेझियरविरुद्ध फोरमन २१७.५ पौंड, स्पिंक्सविरुद्ध टायसन २१८.२५. दोघेही ९९ किलोच्या आसपास. ‘फोरमन टायसनपेक्षा कितीतरी मोठा’ हे म्हाताऱ्या, टकल्या फोरमनच्या फोटोवरून आलेलं मत आहे. १९७३त फरक उंचीत आणि हातांत होता: फोरमन १९० सेंटिमीटरच्या वर, टायसन १७८, फोरमनची रीच दोन मीटरला टेकलेली, टायसनची १८० सेंटिमीटर.

फोरमनच्या बाजूचा हुकमी पुरावा म्हणजे फ्रेझियर. बुटका, पुढे घुसणारा, डाव्या हूकवर, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशावर, जगणारा. दोन राऊंडच्या आत सहा वेळा खाली. पण ती फिल्म ठोशांसाठी न बघता फोरमनच्या तळहातांसाठी बघा. फ्रेझियर डोकं हलवत आत पाऊल टाकतो त्या क्षणी फोरमन दोन्ही हात लांब करून त्याच्या खांद्यांवर ठेवतो आणि ढकलतो. पाऊल मोडतं, फ्रेझियर टाचांवर जातो, पुन्हा वाकून यायला लागतो, आणि खालून उजवा अपरकट येतो. ठोशापेक्षा ढकलणं महत्त्वाचं होतं. हे टायसनविरुद्ध चाललं असतं का, एवढाच खरा प्रश्न आहे.

टायसनवाल्यांकडे तीन चांगली उत्तरं आहेत, पण ती ते क्वचितच देतात. बहुतेक जण ‘स्पीड, स्पीड’ करत राहतात. पहिलं, किंग्स्टनचा फ्रेझियर २१४ पौंडांचा होता, तर ८ मार्च १९७१ला अलीला हरवणारा २०५.५चा. त्या रात्रीनंतर तो तसा राहिला नाही. चौकटीचा नियम फोरमनच्या प्रतिस्पर्ध्यालाही लावायला हवा. दुसरं, फ्रेझियर सुरुवातीला थंड असायचा, त्याला तापायला तीन-चार राऊंड लागत. टायसन पहिल्या घंटेलाच सर्वांत धोकादायक. तिसरं आणि सर्वांत वजनदार: फ्रेझियर मुख्यतः डाव्या हाताचा. टायसन १९८८त दोन्ही हातांनी मारायचा, उजवा ठोसा बरगडीत आणि त्याच हाताचा अपरकट हनुवटीला, मध्ये श्वासही नाही. खांद्यावर ठेवलेले लांब हात म्हणजे उघड्या बरगड्या.

फोरमनच्या बाजूने मात्र एक गोष्ट टायसनच्याच पानावरून निघते. मार्च १९८७त बोनक्रशर स्मिथ आणि ऑगस्ट १९८७त टोनी टकर, दोघेही टायसनसमोर पूर्ण बारा राऊंड उभे राहिले. दोघे उंच, ताकदवान, आणि हात अडकवणारे. टायसनला जवळून बांधलं की तो हात सोडवून मारत बसायचा नाही. रेफरीची वाट बघायचा. त्याची लय तुटली की ती पुन्हा जुळवायला त्याला एक पूर्ण पाऊल मागे जावं लागे. स्मिथने ते फक्त टिकण्यासाठी वापरलं. फोरमनने मारण्यासाठी वापरलं असतं.

राहिली हनुवटी. त्या तारखेपर्यंत टायसन कधी खाली गेला नव्हता. फोरमनचं काय, तर त्या पाच राऊंडांत त्याला सलग जोरदार मार बसलाच नाही, त्यामुळे चौकटीत पुरावा नाही. जानेवारी १९७६त रॉन लायलने त्याला चौथ्या राऊंडमध्ये दोनदा पाडला आणि फोरमनने पाचव्यात लायलला संपवला. ती लढत किन्शासानंतरची, चौकटीबाहेरची, म्हणून पूर्ण वजन देता येत नाही. पण नजरेआडही करता येत नाही. आमचा अंदाज असा: पहिले दोन राऊंड टायसनचे, त्यातला एक फोरमनसाठी फार वाईट. तिसऱ्यापासून ढकलणं लागू पडतं, आणि पाचव्या-सहाव्यात फोरमन. शंभरपैकी पंचावन्न वेळा. कुणी साठ-चाळीस टायसनला दिले तर त्याच्याशी भांडण नाही. नव्वद-दहा देणाऱ्याने स्मिथची लढत पूर्ण बघावी, कंटाळा आला तरी.

इथे रेफरी कोण हा प्रश्न फालतू नाही. किंग्स्टनला आर्थर मर्कांटे होते. त्या ढकलण्यावर एखाद्या कडक रेफरीने दुसऱ्याच वेळी गुण कापला तर फोरमनचं मुख्य हत्यार जातं. बॉक्सरेकच्या लढतीच्या पानावर रेफरी आणि पंचांची नावं बहुतेकदा मिळतात. काल्पनिक लढत लावताना रेफरीही नावाने ठरवा.

साइट वापरून लोक आणखी एक चूक करतात, ती म्हणजे ‘सारखा प्रतिस्पर्धी’ शोधणं. कल्पना चांगली आहे, पण उंची-वजनाचे आकडे जुळले म्हणून माणूस जुळत नाही. लुई विरुद्ध टायसन लावताना हमखास टोनी गॅलेंटो काढला जातो: बुटका, जाड, डाव्या हूकचा, आणि जून १९३९त त्याने लुईला खरंच तिसऱ्या राऊंडमध्ये पाडला होता. लुई उठला आणि चौथ्यात त्याने गॅलेंटोचा चेहरा फोडून लढत संपवली. यावरून टायसनबद्दल काहीही सिद्ध होत नाही. गॅलेंटो सरळ रेषेत, हात खाली ठेवून यायचा. टायसनचं डोकं १९८८त एका जागी अर्धा सेकंदही नसायचं. हा फरक कुठल्याही रकान्यात दिसत नाही. फिल्म बघण्यावाचून गत्यंतर नाही.

वजनाचं आणखी थोडं. आज क्रूझरवेटची, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाची, मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. श्मेलिंगला मोडणारा लुई १९८.७५ पौंडांचा, विलर्डला मोडणारा डेम्प्सी १८७चा, मार्सियानो साधारण १८५चा. आजच्या तराजूवर तिघेही हेवीवेट ठरत नाहीत. मग ‘मार्सियानो विरुद्ध वाइल्डर’ लावणाऱ्याने आधी सांगावं, मार्सियानोला आजचा आहार आणि आजचं वजन द्यायचं की नाही. दिलं तर तो मार्सियानो राहत नाही, नाही दिलं तर पंधरा-सोळा इंच आखूड हातांचा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतोच: वाइल्डरची रीच ८३ इंच. असे सामने लावूच नयेत असं आमचं मत. डेम्प्सीच्या बाबतीत तर नियमच वेगळे. ४ जुलै १९१९ला टोलेडोत त्याने १११ किलोच्या विलर्डला पहिल्या राऊंडमध्ये सात वेळा पाडलं, पण विलर्ड गुडघ्यावरून उठत असताना डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा असायचा. पाडल्यावर न्यूट्रल कोपऱ्यात जायची सक्ती तेव्हा नव्हती. ती १९२७त टनीविरुद्ध त्याच्याच आड आली.

राऊंडांची संख्याही ठरवून घ्या. नोव्हेंबर १९८२त मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर किम डुक-कू मरण पावला, आणि १९८३पासून डब्ल्यूबीसीने विश्वविजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारावर आणल्या. बाकीच्या संघटना १९८८पर्यंत मागोमाग आल्या. मार्सियानोने वॉलकॉटला तेराव्यात पाडलं. बारा राऊंडच्या नियमात तो त्या रात्री गुणांवर हरला असता आणि ४९-० हा आकडा कुणी ऐकलाच नसता.

साइटची स्वतःची गुणपद्धत आणि सार्वकालिक क्रमवारी आहे, तिच्यावर फार वेळ घालवू नये. निकाल आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण यांवर ती चालते; कोणता ठोसा कुणाच्या कमरेत बसला हे सूत्राला कळायचं कारण नाही. संगणकाकडून निकाल काढायची हौस जुनीच आहे. १९६७त मायामीच्या मरी वोरोनर यांनी एनसीआर ३१५ संगणकावर सोळा माजी विजेत्यांची स्पर्धा घेऊन ती रेडिओवर ऐकवली. अंतिम फेरीत मार्सियानोने डेम्प्सीला तेराव्यात हरवलं आणि अली त्याआधीच जेफ्रीजकडून बाद झाला. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोडीत पुढे १९६९त त्याची आणि मार्सियानोची खोटी लढत चित्रित झाली, वेगवेगळे शेवट घेऊन. जानेवारी १९७०त अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो तेराव्यात जिंकला. तो स्वतः मात्र ३१ ऑगस्ट १९६९ला विमान अपघातात गेला होता. तेव्हाही माहिती भरणारे पत्रकारच होते, यंत्राने नवं काही शोधलं नव्हतं.

लिस्टन विरुद्ध फोरमन थोडक्यात. लिस्टनच्या पानावर एक अडचण आहे: त्याची जन्मतारीख कुणालाच पक्की ठाऊक नाही, त्याच्या स्वतःच्या तोंडूनही वेगवेगळ्या आल्या. त्यामुळे ‘तिशीतला लिस्टन’ असं म्हणण्यात अर्थ नाही, लढतींची चौकटच धरावी लागते. एप्रिल १९५९ ते सप्टेंबर १९६२ घ्या. त्यात क्लीव्हलँड विल्यम्स दोनदा आहे, आणि ते पानावरचं सोनं आहे, कारण विल्यम्स त्या काळचा सर्वांत जबर मारणारा होता. लिस्टनने त्याचे ठोसे खाल्ले आणि पहिल्यांदा तिसऱ्यात, पुढच्या वर्षी दुसऱ्यात संपवला. फोरमनच्या चौकटीत नसलेला पुरावा इथे हजर आहे. शिवाय ८४ इंच रीचचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. एवढा जड जॅब समोर असताना फोरमनचे ढकलणारे हात खांद्यापर्यंत पोचतच नाहीत. साठच्या दशकाच्या शेवटी तरुण फोरमन लिस्टनचा स्पारिंग पार्टनर होता आणि आपल्याला मागे रेटणारा माणूस म्हणून तो पुढे लिस्टनचंच नाव घेत असे. एडी मॅचनने सप्टेंबर १९६०त बारा राऊंड काढले ते पळून आणि मिठी मारून. फोरमनला यातलं काहीच येत नव्हतं. कौल लिस्टनला, आठव्याच्या आत.

शेवटी शेव्हर्स आणि वाइल्डर. शेव्हर्सची तारीख २३ मार्च १९७९, वाइल्डरची २३ नोव्हेंबर २०१९, ज्या रात्री सहा राऊंड मार खाऊन त्याने ऑर्टिझला सातव्यात एका उजव्या सरळ ठोशाने पाडला. दोघांचंही भांडवल उजवा हात, दोघांचेही पाय सामान्य. शेव्हर्स लवकर दमायचा असं सगळे म्हणतात, पण सप्टेंबर १९७७त अलीविरुद्ध त्याने तेराव्या-चौदाव्यातही अलीला हलवलं होतं, तेव्हा दमाच्या मुद्द्यावर फार विसंबू नये. सप्टेंबर १९७९त होम्सला सातव्यात पाडल्यावर तो संपवू शकला नाही आणि अकराव्यात स्वतः थांबला, हे जास्त बोलकं आहे. त्याची हनुवटी हाच कच्चा दुवा: डिसेंबर १९७३त क्वारीने पहिल्यात, १९७५त लायलने सहाव्यात. वाइल्डर १८ सेंटिमीटर उंच आहे आणि शेव्हर्सचा वरून येणारा उजवा ठोसा पोचायला त्याला जे एक जास्तीचं पाऊल टाकावं लागतं, त्याच पावलावर वाइल्डरचा सरळ उजवा येतो. वाइल्डरला मागे रेटलं की तो लंगडा पडतो, हे फेब्रुवारी २०२०त फ्युरीने दाखवलं. पण त्यासाठी फ्युरी २७३ पौंड घेऊन आला होता, शेव्हर्सकडे जेमतेम २१० होते. वाइल्डर, चौथ्यापर्यंत. तरी पैज लावणारच असाल तर विजेत्यावर लावू नका. सातव्या राऊंडची घंटा होणार नाही, यावर लावा.